'मेक अप' : आरशापलीकडचा

शाळेत आम्ही शब्दार्थाची वही उभी दुमडायचो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ. त्या वहीत 'मेक अप' मावत नाही. स्मरणिकेसाठी आठवणींऐवजी त्याचीच उस्तवार करतो.

रंगरंगोटीचा अर्थ सोडून देऊ. 'शी मेड अप अ स्टोरी' म्हणजे तिनं थाप रचली. इंदुरात हिंदी कानावर असल्यामुळे 'बातें बनाना' चटकन आठवतं. हा अर्थ पुणेकरांआधी आपल्याला पटतो, एवढी फुशारकी चालेल. 'दे मेड अप' म्हणजे कट्टी सोडून बट्टी. 'मेक अप युवर माइंड' म्हणजे काय ते एकदाचं ठरव. औषधविक्रेत्यानं चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करून देणं, हेही ब्रिटिश इंग्रजीत 'मेक अप'च.

मुलं अडतात ती शेपटापाशी. 'द टीम इज मेड अप ऑफ इलेव्हन प्लेअर्स' बरोबर. वाक्य फिरवलं की 'ऑफ' गळतं : 'इलेव्हन प्लेअर्स मेक अप द टीम'. सवयीनं ते दोन्हीकडे लागतं आणि गुण जातात. भरपाईचा प्रकार आणखी नाजूक. रतलामहून वीस मिनिटं उशिरा सुटलेली गाडी इंदूरला वेळेवर आली, तर 'इट मेड अप ट्वेंटी मिनिट्स'. इथे भरून निघालेली मिनिटंच कर्म आहेत, 'फॉर' नको. पण एका गोष्टीची उणीव दुसरीनं भरून निघाली, तर 'फॉर' हवंच : 'हार्ड वर्क मेड अप फॉर हिज पुअर मेमरी'.

हे 'अप' वर जाण्याचं नाही. आपण 'भरून काढणे' म्हणतो तेव्हा बाहेर काय काढतो? काहीच नाही, 'काढणे' फक्त काम पुरं झाल्याचं सांगतं. 'अप'ही बहुतेक ठिकाणी तेच करतं.

सर्वनाम आलं की ते मधे बसतं : 'शी मेड इट अप'. 'मेड अप इट' कधीच नाही. नाम मात्र मधेही चालतं, शेवटीही. 'फॉर' असेल तर सर्वनाम त्याच्यामागे जातं : 'मेक अप फॉर इट'.

'मेक अप' स्वतःच नाम असेल तर उच्चारात जोर 'मेक'वर, क्रियापद असेल तर 'अप'वर. लिहिताना नाम जोडून किंवा मधे आडवी रेघ देऊन, क्रियापद नेहमी सुटं. अमेरिकेत 'मेकअप एक्झाम' म्हणजे चुकलेला पेपर नंतर देणं; त्याला आरसा लागत नाही.