बेगनास आणि रूपा: पोखऱ्याची मासेमारी पाहायला जाणाऱ्यांसाठी

नेपाळातल्या पोखऱ्याच्या तळ्यांतली मासेमारी आणि पिंजऱ्यातली मत्स्यशेती पाहण्यासाठी जाणार असाल, तर फेवा तळ्याकाठच्या हॉटेलांच्या पट्ट्यात, म्हणजे लेकसाइडला, मुक्काम करू नका. थेट बेगनास तळ्याकाठी राहा. निघण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारले, त्या सर्वांनी मला याच्या नेमके उलट सांगितले होते. मासेमारी काय, लेकसाइडच्या खोलीतूनही दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. खोलीतून दिसतात त्या सहलीच्या रंगीत होड्या. मासेमारांची होडी संध्याकाळी जाळी टाकून परतते, पहाटे उजाडताना ती उचलते, आणि पर्यटक चहासाठी खाली उतरतात तोवर मासळीची विक्रीसुद्धा आटोपलेली असते.

लेकसाइडच्या एका उपाहारगृहात ‘फेवा तळ्यातला ताजा ट्राउट’ म्हणून जे ताट माझ्यापुढे आले, त्याचा राग अजून गेलेला नाही. ट्राउट या माशाला वाहते, थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअसमध्ये तो चांगला वाढतो आणि पाणी 20 अंशांच्या वर रेंगाळू लागले की त्याचे खाणे मंदावते. फेवा तळे समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या वरच्या थरातले पाणी 25 अंशांच्या पुढे जाते. अशा पाण्यात ट्राउट राहूच शकत नाही. नेपाळात आज जो ट्राउट पाळला जातो, त्याची अंडी 1988 मध्ये जपानहून आणली होती, आणि तो रसुवा, नुवाकोट अशा जिल्ह्यांत किंवा पोखऱ्याच्याही वर, सेती खोऱ्यात, डोंगरातल्या झऱ्याचे पाणी वळवून बांधलेल्या सिमेंटच्या लांबट हौदांत वाढतो. त्याला भरपूर प्रथिनांचे महागडे खाद्य घालावे लागते, म्हणून त्याचा भाव चढा असतो आणि तो भाव रास्तही आहे. मात्र तळ्यातला ट्राउट म्हणून कोणी विकत असेल तर ते धादांत खोटे आहे, हे पक्के लक्षात ठेवा आणि उठून या. खाऱ्या पाण्याची पापलेट विहिरीत सापडली असे म्हणण्यासारखेच ते आहे.

गोरखपूर, सुनौली, बुटवल, पाल्पा या मार्गाने येणाऱ्यांना सीमेपासून पोखऱ्यापर्यंत सुमारे 180 किलोमीटरचा सिद्धार्थ महामार्ग लागतो. तो वळणांचा आहे आणि दिवस खातो, एवढे सांगितले की पुरे. बेगनाससाठी पोखरा शहरातून काठमांडूच्या दिशेने पृथ्वी महामार्गाने तालचोकपर्यंत यायचे आणि तिथून डावीकडे तळ्याकडे वळायचे. शहरातून थेट बेगनासपर्यंत बस येते. ती गर्दीची असली तरी तिनेच या.

टॅक्सी करायचीच असेल तर पुढचे नीट वाचा. नेपाळात पैशांचा उल्लेख दोन प्रकारे होतो, ‘आयसी’ म्हणजे भारतीय रुपये आणि ‘एनसी’ म्हणजे नेपाळी रुपये, आणि 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. भारतीय प्रवाशाशी बोलताना चालक नुसता आकडा सांगतो. माझ्या टॅक्सीच्या चालकाने सकाळी अडीच हजार सांगितले, दिवसभर गोड बोलला, आणि संध्याकाळी सामान अजून डिकीत असताना हे अडीच हजार आयसी होते, असे त्याने जाहीर केले. हा फरक थेट दीडपटीहून अधिक आहे. शेजारच्या दुकानदाराने मध्यस्थी केली नसती तर तेवढे पैसे गेलेच असते. म्हणून प्रत्येक व्यवहारात, मग तो टॅक्सीचा असो, खोलीचा असो वा किलोभर माशाचा, आकडा ऐकल्याबरोबर ‘आयसी की एनसी’ हे विचारा आणि उत्तर मोठ्याने वदवून घ्या. सीमेवरच पुरेसे नेपाळी रुपये घेऊन ठेवले तर हा प्रश्नच उरत नाही.

बेगनासला पोहोचल्यावर जे पाहायचे ते पहाटेच पाहायचे. बंधाऱ्याच्या बाजूच्या होडीघाटावर पहिल्या उजेडाला उभे राहा. तळ्यात बांबूच्या चौकटींना टांगलेले नायलॉनचे पिंजरे दिसतात. प्रचलित आकार 5 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल असा आहे. जालारी या पारंपरिक मासेमार समाजातल्या एक ताई होडीच्या टोकावर गुडघे टेकून पिंजऱ्याची एक बाजू हातावर हात टाकत वर ओढत होत्या. जाळे वर येत गेले तशी मासळी विरुद्ध कोपऱ्यात गोळा झाली, मग एकाएकी पाच-सहा चंदेरे मासे पाण्याबाहेर उसळले आणि त्यातला एक थेट होडीत पडला. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यावर हिरवट तपकिरी शेवाळाचा बुळबुळीत थर बसलेला होता, आणि तो त्या ब्रशने घासून काढत होत्या, कारण डोळे बुजले की पाणी आत-बाहेर खेळत नाही आणि मासा गुदमरतो.

या पिंजऱ्यांतल्या माशांना खाद्य घातले जात नाही, हे ऐकून मी चकित झालो. आपल्याकडच्या धरणांत पिंजरे म्हटले की खाद्याच्या गोण्या आल्याच. इथे सिल्व्हर कार्प आणि बिगहेड कार्प हे दोनच मासे प्रामुख्याने सोडतात. पहिला पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती (वनस्पती प्लवंग) गाळून खातो, दुसरा मुख्यतः तसेच सूक्ष्म प्राणी, आणि तळ्याचे पाणीच दोघांना पोसते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडल्यापासून विक्रीयोग्य मासा व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, पण खर्च जाळ्याचा, बांबूचा आणि मेहनतीचाच. 1970 च्या दशकात पोखऱ्याच्या तळ्यांत ही पद्धत रुजली, तेव्हा तिचा सर्वांत मोठा फायदा जालारींना झाला, ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि जे पिढ्यान्‌पिढ्या फेकजाळे घेऊन नदी-तळ्यांच्या काठाने फिरत होते. आज मासळी विकायला आणि हिशेब ठेवायला बहुतेक ठिकाणी बायकाच असतात. त्यांना ‘दिदी’ म्हणा, आधी नमस्कार करा आणि फोटो काढण्यापूर्वी विचारा; काम चालू असताना मध्ये घुसणाऱ्यांना त्या स्पष्ट शब्दांत बाजूला करतात आणि ते योग्यच आहे.

मासा विकत घेताना वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, हे ठरवून घ्या. डोके, आतडी आणि खवले गेल्यावर वजन बरेच उतरते, आणि काठावरच्या एका खाणावळीने माझ्याकडून आख्ख्या माशाचे वजन धरून पैसे घेतले आणि वर साफ करण्याची मजुरी वेगळी लावली. ‘सहर’ मागितला आणि लगेच मिळाला तर शंका घ्या. सहर म्हणजे आपला महसीर. तो सावकाश वाढतो आणि तळ्यांत कमी झाला आहे. त्याची पैदास करून पिल्ले सोडण्याचे काम बेगनासच्या काठावरच्या सरकारी मत्स्य संशोधन केंद्राने केले आहे. त्या केंद्रात आगाऊ विचारून गेलात तर हौद पाहता येतात. न विचारता गेलात तर फाटकावरूनच परत यावे लागेल.

आता वाईट भागाकडे येतो. बेगनास आणि रूपा या दोन तळ्यांच्या मध्ये पचभैयाची डोंगरधार आहे. धारेवर चढून सुंदरीडांड्यावरून दोन्ही तळी एकाच वेळी दिसतात, हे सर्वजण सांगतात आणि ते खरे आहे. तिथून रूपाकडे उतरणारी पायऱ्यांची वाट ‘अर्ध्या तासाची, सोपी’ आहे, हेही सर्वजण सांगतात आणि ते मुळीच खरे नाही. सुरुवातीच्या दगडी पायऱ्या रुंद आणि नीट बसवलेल्या आहेत, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. झाडी दाट झाली की पायऱ्यांवर शेवाळ सुरू होते आणि पावसाळा सरल्यावरही कित्येक दिवस त्यांवरून पाण्याची धार वाहत राहते. याहून वाईट म्हणजे, गाड्यांसाठी यंत्राने खणलेला नवा कच्चा रस्ता या जुन्या वाटेला ठिकठिकाणी आडवा कापून गेला आहे. जिथे कापला आहे तिथे पायऱ्या हवेत संपतात आणि खाली दीड पुरुष उंचीची भुसभुशीत लाल मातीची उभी कड असते. उतरायला धरायचे म्हणजे उघडी पडलेली मुळे. त्यातले एक मूळ माझ्या हातात निघून आले आणि मी उरलेली उंची पाठीवर घसरत उतरलो. कॅमेरा वाचला, कोपर सोलले. अशी कड एकदाच लागती तर तक्रार केली नसती. रस्ता नागमोडी असल्याने तीच वाट पुन्हा पुन्हा कापली जाते, आणि प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून पलीकडे पायऱ्यांचे तोंड शोधावे लागते, जे झुडपांत दडलेले असते. वर जळवा आहेत. सप्टेंबरअखेरही त्या बुटांच्या फीत-छिद्रांतून आत शिरतात. पायमोज्यांवर मीठ चोळून ठेवणे हाच उपाय कामी आला.

या वाटेने उतरू नका. पाय कितीही सरावलेले असले तरी नका. पाठीवर ओझे असताना तर नकाच. कच्चा गाडीरस्ता लांबचा आणि धुळीचा आहे, पण त्यानेच खाली जा. पायऱ्यांचा हट्टच असेल तर रूपाकडून वर चढा, कारण चढताना कड समोर दिसते आणि हाताला आधार शोधता येतो. काठी आणि खोल खाचांचे बूट हवेतच. दुपारी तीननंतर धारेवरून निघू नका. झाडीत अंधार लवकर पडतो.

खाली पोहोचल्यावर मात्र त्या कडेचा आणि तळ्याचा संबंध समजला आणि थकवा पार विसरला. तीच लाल माती पावसात ओहोळांनी रूपात येऊन बसते. रूपा उथळ आहे, त्याचा वरचा भाग गाळाने भरत भाताची खाचरे होत चालला आहे, आणि एके काळी जलपर्णी व इतर पाणवनस्पतींनी ते जवळजवळ झाकून टाकले होते. या शतकाच्या सुरुवातीला काठच्या कुटुंबांनी मत्स्य सहकारी संस्था काढली, हातांनी वनस्पती उपसल्या आणि आख्ख्या तळ्यात मत्स्यबीज सोडायला सुरुवात केली. बेगनासपेक्षा इथला प्रकार वेगळा आहे: मासा मोकळ्या तळ्यात वाढतो आणि संस्था ठरवेल तेव्हाच जाळे पडते. चोरीछुपे जाळे टाकणाऱ्यांवर पहारा असतो. मासळीच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा ही संस्था वरच्या उतारांवरच्या गावांना, तिथल्या शाळांना आणि वनगटांना देते, कारण वरच्यांनी जंगल राखले आणि माती अडवली तरच खालच्यांचे तळे टिकते. डोंगरातल्या मत्स्यशेतीबद्दल इतका शहाणपणाचा व्यवहार मी कुठे पाहिलेला नाही, आणि जो रस्ता उतार कापत चालला आहे, त्याची किंमत हीच संस्था गाळाच्या रूपाने मोजते, हे पाहून फार वाईट वाटले. मासे घ्यायचे असतील तर संस्थेच्याच विक्री केंद्रावर घ्या. तिथे वजन आणि भाव दोन्ही स्वच्छ आहेत.

पोखरा खोऱ्यातल्या नऊ तळ्यांच्या समूहाला 2016 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. त्यातले फेवा पाहायचेच असेल तर एक पहाट द्या आणि जाळ्यातून काय निघते ते बघा: तिलापी, आणि पुन्हा तिलापी. बाहेरून आलेल्या या माशाने मूळच्या लहान माशांची जागा व्यापली आहे. सारंगकोट, शांतिस्तूप वगैरे पर्यटकांची नेहमीची ठिकाणे सुखाने पाहून झाली, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

ट्राउटचे हौद पाहण्यासाठी सेती खोऱ्यात वर जाणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. नदीच्या पात्रात जेवायला बसू नये, भले आभाळ निरभ्र असो. 5 मे 2012 रोजी वर, पर्वतात, कडा कोसळून आलेल्या लोंढ्याने सेतीकाठच्या खारापानी इथली माणसे काही कळायच्या आत वाहून नेली. हौद पात्रापासून उंचावर असतील तिथेच थांबा.

जाण्याचा काळ म्हणून ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर निवडा. दशैंच्या, म्हणजे नेपाळातल्या दसऱ्याच्या, दिवसांत बसमध्ये जागा मिळत नाही आणि तळ्यांवरचे कामही थंडावते. डिसेंबर-जानेवारीत वरचे पाणी थंड होऊन तळाच्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात मिसळते. माशाची वाढ थांबते आणि पिंजऱ्यातला मासा दगावण्याची भीती असते, तेव्हा त्या काळात मासेमार चिंतेत असतात आणि पाहुण्यांशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर ठेवा. विमानाने येणाऱ्या 15 ते 65 वर्षांच्या प्रवाशांना आधार कार्डावर सोडत नाहीत. रूपाहून परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे उतरण्याआधी धारेवरच विचारून घ्या, कारण ती चुकली तर बेगनासला परतायला तीच धार पुन्हा चढावी लागते.