छोंगवू: तटबंदीतलं गाव आणि सत्तावीस सैनिकांचं देऊळ

छोंगवू हे चीनच्या फुच्येन प्रांतातलं मासेमारांचं गाव. श्यामेनहून बुलेट ट्रेनने छुआनचौ गाठायचं आणि तिथून बस पकडायची. जपानी चाच्यांच्या धाडी रोखण्यासाठी मिंग राजवटीत, १३८७ साली, इथे ग्रॅनाइटचा तट बांधला. सुमारे अडीच किलोमीटरचा तो तट अजून उभा आहे आणि आत गाव नांदतंय. दारात वाळत घातलेली मासळी, भिंतीला टेकवलेल्या स्कूटर, पत्ते कुटणारे आजोबा. राहायचं तर या गल्ल्यांमध्येच राहावं. आमच्या मालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी इथले प्रसिद्ध फिश रोल वाफवून पुढ्यात ठेवले आणि पैशांचं नावही काढू दिलं नाही.

समुद्राकडच्या बाजूला मात्र तिकीट लावून उद्यान केलंय. तिथल्या गर्दीने जीव नकोसा झाला. कानाशी लाउडस्पीकर, डोक्यावर ड्रोन आणि इथल्या ह्वेआन तालुक्यातल्या बायकांचा पोशाख भाड्याने घेऊन फोटोसाठी ताटकळणाऱ्या मुली. पिवळी टोपी, फुलाफुलांचा रुमाल, आखूड निळी चोळी, घोळदार काळी विजार. हाच पोशाख अंगावर असलेल्या, साठी उलटलेल्या बायका थोड्याच अंतरावर बंदरात मासळीच्या पेट्या उचलत होत्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मला फार राग आला.

तशीच तणतणत मी किनाऱ्याकिनाऱ्याने चालत सुटले आणि त्या देवळापाशी पोचले. बाहेरून ते फुच्येनमधल्या कुठल्याही देवळासारखंच, वर वळलेल्या टोकांच्या छपराचं. आत मात्र देवांच्या जागी हिरव्या गणवेशातले सैनिक ओळीने उभे, टोपीवर लाल तारा. पुढ्यात फळं आणि उदबत्त्या.

१७ सप्टेंबर १९४९ रोजी या वाळूवर चँग कै-शेकच्या राष्ट्रवादी पक्षाच्या विमानांनी बॉम्ब टाकले. कम्युनिस्टांच्या मुक्तिसेनेचे चोवीस सैनिक मारले गेले. किनाऱ्यावर सापडलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला सैनिकांनी स्वतःच्या अंगाखाली घेऊन वाचवलं. ती मुलगी त्यांना विसरली नाही. म्हातारपणी, १९९० च्या दशकात, तिने खटपट करून, वर्गणी जमवून हे देऊळ उभं केलं. आणखी तिघांची भर पडून इथे आता सत्तावीस जणांची पूजा होते. देव न मानणाऱ्या पक्षाचे हे सैनिक, आणि गावाने त्यांनाच देव केलंय!

मी तिथे असताना एक मासेवाली आली. टोपी काढून तिने उदबत्ती लावली. मग खिशातून सिगारेट काढली, पेटवली आणि एका सैनिकासमोरच्या राखेत नीट उभी खोचली. हात जोडून पुटपुटली आणि निघून गेली. वीरगळांना शेंदूर लावणाऱ्या मुलखातून आलेल्या मला हे समजायला दुभाष्या लागला नाही. डोळे भरून आले.

पुढचे दोन दिवस छुआनचौच्या आसपास गेले. १०५९ मध्ये पूर्ण झालेल्या लोयांग पुलाच्या पायातले दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यावर कालवं, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, वाढवली होती. ओहोटीच्या वेळी बघा, म्हणजे खालचे दगड उघडे पडतात.

आणि छुआनचौमधलं काइयुआन हे बौद्ध मंदिर चुकवू नका. त्याच्या मुख्य सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन दगडी खांब आहेत, त्यांवर नरसिंह आणि कृष्ण कोरलेत. इथे तमिळ व्यापाऱ्यांची वस्ती होती. शिवमंदिराचा उल्लेख असलेला १२८१ चा तमिळ शिलालेखही याच शहरात मिळाला. मंदिर नाहीसं झालं, त्याचे खांब बौद्धांनी आपल्या सभागृहाला लावले असं मानतात. हिरण्यकशिपूला मांडीवर आडवं घेतलेला नरसिंह छोट्याशा वर्तुळात मावलाय. बहुतेक लोक बुद्धाला नमस्कार करून पुढूनच परततात. तुम्ही तेवढा वळसा घालाच.