व्हीगन थाळीची नोंदवही: दूध गेल्यावर पडलेली चार भोकं

दूध सोडलं की बहुतेक घरांत पहिली शोधाशोध चहात घालायला दुसरं पांढरं काय मिळेल याची. बदामाचं, ओटचं, नारळाचं. रंग जुळतो, हिशेब जुळत नाही. रोजचं अर्धा लिटर दूध-दही म्हणजे साधारण ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १६ ग्रॅम प्रथिनं, शाकाहारी ताटातलं जवळपास सगळं बी१२ जीवनसत्त्व आणि थोडं आयोडीन. घरी केलेल्या बदामाच्या दुधाने यातलं एकही भोक धड बुजत नाही. खालचा हिशेब ६० किलो वजनाच्या प्रौढासाठी, आणि वजनं सगळी कच्च्या, कोरड्या जिन्नसांची.

आठवडा १: बी१२

इथे स्वयंपाकघरात करण्यासारखं काही नाही. इडलीचं आंबलेलं पीठ, शिळा भात, स्पिरुलिना यांपैकी कशावरही भरवसा नको. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं बी१२ सारखं दिसणारं, पण शरीराच्या कामाचं नसलेलं. सायनोकोबालामिन (गोळ्यांत मिळणारं बी१२) रोज १० मायक्रोग्रॅम, नाहीतर आठवड्याला २,०००. साप्ताहिक आकडा एवढा मोठा का? एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषलं जातं, त्यापुढच्याचा जेमतेम एक टक्का. कमतरता आधीच असेल तर हा डोस पुरत नाही. रक्ततपासणी करून डॉक्टर ठरवतील तो घ्यायचा. डाळी-पालेभाज्यांतलं फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) भरपूर असल्यामुळे रक्त ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान मागे चालूच राहतं, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून निर्धास्त होऊ नका. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं आहे का, तेही बघा.

आठवडे २ ते ४: प्रथिनं

गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५०. वरणावर भिस्त ठेवली की इथेच फसगत होते. वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ४-५ ग्रॅम. जुळलेला दिवस असा (कंसात प्रथिनं, ग्रॅममध्ये): ज्वारीचं पीठ ८० ग्रॅम (८), नाचणी ६० (४), तांदूळ किंवा पोहे ६० (४-५), तूरडाळ ३० (६-७), मोड आणण्याआधीची मटकी ४० (८), शेंगदाणे ३० (७), टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, १०० (१२). बेरीज पन्नाशीला टेकते, पण टोफू काढला की चाळिशीच्या खाली. त्या दिवशी मटकी दुप्पट आणि वरण घट्ट. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला एक घटक कमी, ते डाळी-कडधान्यं भरून काढतात. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात आली की झालं.

आठवडे ५ ते ९: टोफू, आणि त्याच्या पोटात कॅल्शियम

सगळ्यात जास्त घाणे इथे बिघडले, आणि शिकायलाही इथेच मिळालं.

सोयाबीन १२५ ग्रॅम, पाणी तिप्पट, ८ ते १० तास भिजत. उन्हाळ्यात ६ पुरे, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. दाणा दुभागला की आतली बाजू सपाट दिसली पाहिजे. मध्ये खळगा असेल तर अजून भिजायचाय. साली चोळून काढा. मिक्सरमध्ये गार पाणी घातलंत तर तो ओळखीचा कच्चट, गवताळ वास येणारच. दाणा फुटताक्षणी त्यातलं एक एन्झाइम तेलावर काम सुरू करतं, आणि ते मरतं ८० अंशांच्या वर. म्हणून उकळतं पाणीच घालायचं. भांडं स्टीलचं, झाकण किंचित सैल, थोडं थोडं वाटायचं. फडक्यातून पिळून, उकळल्यावर लिटरभर उरेल इतकं दूध काढायचं. मग मंद आचेवर पुरती १५ मिनिटं उकळी. पहिल्यांदा फेस वर येतो त्याला उकळी समजून गॅस बंद केला, तर प्रथिनं पचू न देणारा घटक शाबूत राहतो आणि पोट फुगतं. चोथा थालीपिठाच्या भाजणीत खपतो.

विरजायला लिंबू नको. पनीरसारखं फाटतं खरं, पण टोफू आंबट होतो आणि कॅल्शियम शून्य वाढतं. खाण्याच्या प्रतीचं कॅल्शियम सल्फेट ३ ग्रॅम, अर्धी वाटी पाण्यात ढवळून घ्या (बांधकामाचं प्लास्टर हे नव्हे, चुकूनही नव्हे). दूध ७५ अंशांवर आलं की निम्मं ओतायचं, दोनदा हलकेच ढवळायचं, उरलेलं वरून शिंपडून झाकण. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. निवळी फिकट पिवळी आणि आरपार दिसली की जमलं. दुधाळ राहिली तर अर्धा ग्रॅम आणखी. गुठळ्या वाळूसारख्या रवाळ झाल्या तर सल्फेट जास्त पडलंय किंवा दूध फार तापलं होतं. किलोभर वजनाखाली २० मिनिटं दाबल्यावर १८० ते २०० ग्रॅम वडी.

तीन ग्रॅम सल्फेटमध्ये कॅल्शियम ७०० मिलिग्रॅमच्या आसपास. काही निवळीबरोबर जातं, तरी १०० ग्रॅम टोफूमागे २५० धरायला हरकत नाही. ६० ग्रॅम नाचणीतून २१५, शेवग्याचा ५० ग्रॅम पाला १५५, बाकी ताटातून दीडशे. म्हणजे पावणेआठशे, गरज १,०००. उरलेलं कॅल्शियम घातलेल्या पाकीटबंद सोया दुधातून घ्या, पण पाकीट जोरात हलवून. ते तळाशी बसतं.

तिळाबद्दल सांगायलाच हवं. सालीसकट तिळात १०० ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम, हा आकडा सगळीकडे फिरतो. त्यातलं बरंचसं सालीतल्या ऑक्झलेटला बांधलेलं, म्हणजे शरीराला न मिळणारं, आणि पॉलिश केलेल्या तिळात साल नसल्याने आकडाच घसरतो. चटणी जरूर खा, हिशेबात धरू नका. पालकाचंही तेच.

आठवडा १०: आयोडीन

सैंधव वापरणाऱ्या घरात दूध गेलं की आयोडीनची वाट जवळपास बंदच. साधं आयोडीनयुक्त मीठ, घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब. घरात पोहोचेपर्यंत किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. त्या हिशेबाने ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम, गरज १५०. मीठ वाढवू नका, मल्टिव्हिटॅमिन घेताना त्यात आयोडीन आहे का ते बघा.

आठवडे ११-१२: जवस आणि लोह

ही दोन दुधाची भोकं नव्हेत, पण ताटाच्या हिशेबात येतातच. अख्खे जवस जसे गेले तसे बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून लसूण-तिखटाबरोबर कुटा. चटणीतून रोज १० ग्रॅम जवस गेले की ओमेगा-३ साधारण २ ग्रॅम. आठवड्यापुरतीच करून फ्रिजमध्ये ठेवा. खवट झाली की रंगाच्या दुकानासारखा वास येतो, आणि यायचाच, ऑइलपेंटमध्ये हेच तेल असतं.

लोहासाठी अळिवाचे १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम असे जुने आकडे अजून सांगितले जातात. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ते १७ च्या आसपास आहे. चमचाभर अळीव घालून स्त्रियांची २९ मिलिग्रॅमची गरज भागत नाही. त्यापेक्षा मटकीला मोड आणा, उसळीवर लिंबू पिळा, आणि पोह्यांबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला.

पुढचा घाणा: सल्फेट अडीच ग्रॅम, दूध ७० अंशांवर. वडी मऊ राहिली तर भुर्जीला, घट्ट जमली तर रस्स्यात.