नानांचा डबा, दौंडला

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर कुणालाही क्षुल्लक वाटेल.

सकाळी मुक्ता क्लासला निघाली आणि रात्री दीडपर्यंत जागून काढलेल्या आकृत्यांची वही जेवणाच्या टेबलावरच राहिली. पोरगी जिन्यातून धापा टाकत परत आली. वही तिच्या हातात देताना माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नानांचा डबा, दौंडला." ती एक पायरी उतरता उतरता थांबली. "कुठला डबा?"

"काही नाही गं, जा, उशीर होईल."

ती गेली. मी दार लोटलं आणि तिथेच उभी राहिले. कारण जेमतेम दहा मिनिटांपूर्वी याच पोरीने दूध उतू गेल्यावर गॅसची कळ फिरवत म्हटलं होतं, "शाका, भिंती पडल्या तेव्हा!" आणि मला ते लख्ख कळलं होतं. तिला ठाऊक होतं की मला कळेल.

शाका घरात आला तो काल रात्री. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळातल्या मालिकेतला 'डार्मॉक' हा भाग आम्ही दोघींनी मिळून पाहिला. १९९१ सालचा, पाचव्या पर्वातला दुसरा. मी पूर्वी पाहिलेला, ती पहिल्यांदाच पाहत होती. परग्रहावरच्या लोकांची पहिली भेट म्हणजे लेझर, स्फोट, पळापळ, असं ती धरून बसली होती. इथे तर सगळा घोळ बोलण्याचा. शंभर वर्षांत सात वेळा गाठ पडूनही माणसांना या टामेरियन लोकांचं बोलणं उमगलेलं नाही. भाषांतर करणारं यंत्र आहे, ते शब्द बिनचूक देतं. पण हे लोक बोलतात ते सगळं त्यांच्या जुन्या कथांच्या आधाराने. हरलो, फसलं, असं म्हणायचं तर 'शाका, भिंती पडल्या तेव्हा'. घे, देतो, असं म्हणायचं तर 'टेम्बा, हात पसरलेले'. शाका कोण, भिंती कुठल्या, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती नुसते शब्द येतात.

मग त्यांचा कप्तान डेथन काय करतो, तर माणसांच्या एन्टरप्राइज यानाच्या कप्तान पिकार्डला उचलून एका निर्मनुष्य ग्रहावर नेतो आणि त्याच्यासमोर खंजीर धरतो. पिकार्डला वाटतं, द्वंद्वाचं आव्हान आहे. खरं तर तिथे एक श्वापद आहे आणि डेथनला हवं आहे की दोघांनी मिळून त्याच्याशी लढावं. त्यांच्या कथेतले डार्मॉक आणि जलाद असेच टनाग्रा बेटावर वेगवेगळे आले, एकत्र लढले आणि एकत्र परतले. म्हणजे समजावून सांगता येत नाही म्हणून तो माणूस कथाच पुन्हा घडवायला बसतो, जिवावर उदार होऊन.

मुक्ताला इतकं आवडलं की झोपेपर्यंत ती त्याच भाषेत बोलत होती. पाऊण तासात शिकली! आणि सतरा वर्षं ज्या घरात राहते तिथला डबा तिला माहीत नाही.

दिवसभर मी हेच घोळवतेय. आधी राग आला, मग तो राग तिच्यावर नाही हे लक्षात आलं, मग नुसतंच वाईट वाटत राहिलं. दुपारी भाजी निवडताना मनात आलं की हे तीन शब्द ऐकून ज्याचा चेहरा हलेल असं माणूस आता किती उरलंय? नाना नाहीत. आई नाही. उरला एकटा दादा. आणि दादाशी बोलून अडीच वर्षं झाली.

भांडणाचं लिहीत नाही. सोलापूरचं घर गेलं, सह्या झाल्या, जे व्हायचं ते झालं.

पण भाषेचं काय झालं? तिची वाटणी कशी करणार? ती तर दोघांना मिळूनच बोलता येते. 'बेबीआत्या, फाटकाशी' असं दादा नुसतं ओठ हलवून म्हणायचा आणि मला हसू आवरायचं नाही. पाहुणे 'निघतो, निघतो' करत तासभर उभे असायचे आणि आई आमच्यावर डोळे वटारायची. तात्यांच्या घड्याळाचं तर लिहिताही यायचं नाही. शेवटी आई दवाखान्यात होती तेव्हाही एकदा डॉक्टर बाहेर गेल्यावर तिने डोळे मिटूनच म्हटलं होतं, 'तात्यांचं घड्याळ'. दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं होतं.

असो.

डब्याची गोष्ट मात्र लिहून ठेवते. नाना खात्याच्या परीक्षेला पुण्याला निघाले होते. आईने पहाटे चारला उठून पुरणपोळ्या केल्या. पितळी डबा, तीन पुडांचा, तिच्या माहेरचा, कडीवर आजोबांचं नाव कोरलेलं. दौंडला गाडी थांबली. नाना फिरकीचा तांब्या घेऊन पाण्याला उतरले. डब्यात कुणी हात घालेल म्हणून तोही बरोबर घेतला. नळाच्या ओट्यावर डबा ठेवला, तांब्या भरला, तेवढ्यात शिट्टी. नाना धावले. भरला तांब्या घेऊन चालत्या गाडीत चढले, एक थेंब सांडू दिला नाही, हे ते मरेपर्यंत अभिमानाने सांगत. गाडीने फलाट सोडल्यावर त्यांना डबा दिसला. ओट्यावर, उन्हात चकाकत, लहान लहान होत जाणारा. पुण्यापर्यंत ते पाणीच पीत गेले.

तेव्हापासून आमच्या घरात, जिवापाड जपलेली गोष्ट जपण्याच्याच नादात मागे राहिली की 'नानांचा डबा, दौंडला'. नुसती विसरली तर नाही हं. ती जपलेली हवी. याबाबतीत दादा फार काटेकोर होता. मी छत्री विसरून आले आणि म्हटलं की तो बोट वर करायचा, "छत्रीला डबा म्हणायचं नाही. छत्री ही छत्री."

स्टार ट्रेकही त्याचंच. दूरदर्शनवर रविवारी सकाळी १९६६ ची मूळ मालिका लागायची आणि आमच्याकडे टीव्ही नव्हता म्हणून आम्ही शेजारी जाऊन सतरंजीवर बसायचो. सगळं इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतले, मी तिसरीत, तो सातवीत. तो माझ्या कानाशी लागून मराठीत सांगत राहायचा. एका भागात खाणीतला एक दगडासारखा प्राणी कामगारांना मारतो. यानावरचा स्पॉक, स्पर्शाने दुसऱ्याचं मन वाचणारा, त्याला हात लावतो आणि किंचाळतो. दादा म्हणाला, स्पॉकच्या पोटात कळ आली. खाणीत गोल गोल गोळे पडलेले, तर ते म्हणे तोफेचे गोळे, आणि प्राणी त्या दारूगोळ्याचा राखणदार. कितीतरी वर्षांनी तो भाग मी पुन्हा पाहिला. 'द डेव्हिल इन द डार्क', १९६७ चा. ते गोळे म्हणजे तिची अंडी होती. कामगारांनी नकळत हजारोंनी फोडलेली. ती आई होती, आणि स्पॉक किंचाळला तो तिची वेदना त्याच्यात उतरली म्हणून. मी त्या रात्री दादाला फोन केला होता. तेव्हा करत असे. म्हटलं, तुला एक अक्षर कळत नव्हतं! तो म्हणाला, "राखणदार होती एवढं तर बरोबर सांगितलं ना?"

संध्याकाळी डोकं जरा शांत झाल्यावर वाटलं, तसे आपण सगळे मराठी बोलणारे टामेरियनच आहोत की. 'ध चा मा' म्हटलं की १७७३ साल, शनिवारवाडा, नारायणराव, सगळं त्या तीन अक्षरांत येतं. 'पानिपत झालं' म्हणायला १७६१ ची तारीख सांगावी लागत नाही. आणि ती सावकाराची चिठ्ठी, जिने म्हणे पेशव्यांना बातमी कळली, दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. भाषांतराच्या यंत्राला विचारलं तर ते म्हणेल दागिन्यांचं नुकसान झालं. नानासाहेबांनी दोन मोती वाचले आणि मुलगा गेला, भाऊ गेला हे जाणलं.

पण तिथे फरक आहे. पानिपत आपल्याला शाळेत शिकवतात. डबा कोण शिकवणार?

आणि इथे मला कालचा शेकोटीचा प्रसंग आठवला. त्या श्वापदाने डेथनला फाडलेलं आहे. नेमक्या त्याच क्षणी एन्टरप्राइजवाले पिकार्डला वर खेचायच्या खटपटीत होते, म्हणून पिकार्डला मदतीला हलताही आलं नाही. रात्र आहे, डेथन मरतोय, आणि तो खुणेने म्हणतो, आता तू सांग, तुमची एखादी. पिकार्ड त्याला मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यातली, गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो. आधी लढले, मग जिवलग झाले, मग एक गेला आणि दुसरा रडत राहिला. पिकार्ड झालेला पॅट्रिक स्टुअर्ट ती इतकी सावकाश सांगतो, आणि डेथन झालेला पॉल विनफील्ड एवढ्या मुखवट्याच्या आतून ती इतकी मन लावून ऐकतो! त्याला यातलं किती कळलं असेल? गिल्गमेशचं उरुक शहर त्याला माहीत असायचं कारण नाही. पण तो ऐकतो. काल मुक्ता तिथे उशी छातीशी धरून बसली होती.

कप्तान परततो तो व्याकरण शिकून नाही, कथा ऐकून. आणि मी? मी सतरा वर्षं मुक्तासमोर हे शब्द वापरतेय, दादाशी, आईशी, तिच्या डोक्यावरून. गोष्ट तिला कधी सांगितलीच नाही. तिला माहीत असेल असं धरून चालले. मला तरी कुणी बसवून सांगितली होती? नाना प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, ती कानावर पडायची. आमच्याकडे आता पाहुणे येतात कुठे आणि आले तरी दौंडच्या नळाची गोष्ट ऐकायला कोण बसतंय.

रात्री जेवताना सांगितली. सगळी. फिरकीचा तांब्या म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावं लागलं. पुरणपोळ्या गेल्याचं तिला वाईट वाटलं, आईला माहेरच्या डब्याचं वाटलं होतं. "मग तो डबा कुणी नेला असेल?" तिने विचारलं. हा प्रश्न आमच्या घरात पन्नास वर्षांत कुणी विचारला नव्हता. मला उत्तर देता येईना. मग ती म्हणाली, "मामाला माहीत आहे ही गोष्ट?"

"त्यालाच माहीत आहे."

ती पुढे काही बोलली नाही. ताट उचललं.

दहा वाजता तिच्या खोलीतून आवाज आला, "आई, चार्जर दे ना, फोन बंद पडला. नानांचा डबा, दौंडला!"

चूक. साफ चूक. काय जपलं होतं तिने, काय मागे राहिलं? मी तोंड उघडलं आणि मिटलं. चार्जर नेऊन दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने तो झटकला नाही.

अकराला फोन हातात घेतला. दादाचं नाव खूप खाली गेलं होतं, शोधावं लागलं. शेवटचा निरोप त्याचा, सह्यांच्या तारखेचा. त्याच्याखाली मी लिहिलं, "मुक्ता चार्जिंग संपलं तरी डबा म्हणते." दोनदा वाचलं. पाठवलं.

दोन खुणा आल्यात, निळ्या झालेल्या नाहीत. तो दहाला झोपतो. निदान पूर्वी झोपायचा.