बर्मिंगहॅमचं कोर्ट १५: अंगणातले संडास आणि जिन्यावरचा संसार

बर्मिंगहॅमला जाणार असाल तर हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं कोर्ट १५ चुकवू नका. कोर्ट म्हणजे इथे घरांनी वेढलेलं सामायिक अंगण. न्यू स्ट्रीट स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, हिपोड्रोम थिएटरच्या जवळच. इथली घरं ‘बॅक-टू-बॅक’, म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेली. एकाचं तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचं आतल्या अंगणाकडे, मधे एकच भिंत. मागचं दार नाही, त्यामुळे वारा आरपार जायची सोयच नाही. कामगारांची अशी हजारो घरं या शहरात होती. त्यातलं असं अख्खं अंगण आता हे एकच उरलंय. दुरुस्तीनंतर २००४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं; आता ते नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था सांभाळते.

घरं वेगवेगळ्या काळातली म्हणून मांडली आहेत. १८४० च्या दशकातलं लेव्ही कुटुंबाचं घर घड्याळाचे काटे बनवणाऱ्याचं, तर १८७० च्या दशकातलं ओल्डफिल्डांचं घर काचेचे डोळे बनवणाऱ्याचं. राहणं, स्वयंपाक आणि धंदा सगळं त्याच छपराखाली. पुढच्या काळातली घरंही आहेत, पण मला ही दोन जास्त भिडली.

तरी खरं घर कळतं ते अंगणात. संडास तिथेच, सगळ्यांना सामायिक. बसायला लाकडी फळी, तिला गोल भोक. गिरगावातल्या चाळीत निदान मजल्यावरच गॅलरीच्या टोकाला जायचं; इथे सगळ्यात वरच्या मजल्यावरून अरुंद, गोल वळणाचा जिना उतरून, थंडीत, अंधारात. म्हणून रात्री खाटेखाली भांडं ठेवायचं आणि सकाळी ते भरलेलं भांडं त्याच जिन्यावरून सांभाळत खाली आणायचं. घरात नळ नाही, म्हणजे पाणीही अंगणातूनच वर न्यायचं. हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला. तो जिना स्वतः चढल्याशिवाय या कष्टांचा अंदाज येत नाही.

संडासाजवळच सामायिक धुण्याची खोली आहे. विटांच्या चुलीत पक्का बसवलेला मोठा हंडा, खाली जाळ. धुण्यासाठी घरोघरच्या पाळ्या ठरलेल्या असत. इथे घाई करू नका.

आता कामाचं. आत फक्त गाइडबरोबर जाता येतं आणि एका वेळी थोडेच लोक घेतात, तेव्हा बुकिंग आधीच करा. ट्रस्टचे सभासद असलात तरी जागा राखून ठेवावी लागते. हाताशी किमान दीड तास ठेवा. पाठीवर मोठी सॅक नको, जिन्यात अडते. बूट घट्ट, सपाट तळाचे घाला. लांब साडी किंवा घोळदार कपडे टाळलेलेच बरे, कारण पायऱ्या उभ्या आहेत आणि वळणावर पाऊल जेमतेम मावतं. लिफ्ट नाही. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच फक्त तळमजला दाखवण्याची सोय आहे का, ते विचारा. अंगण, संडास आणि धुण्याची खोली जिना न चढता बघता येतात.