आमची वाटचाल : मार्कांसाठी आलेली मुलं फ्रेंच बोलू लागली

पुण्यात फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ. शाळेत तिसरी भाषा म्हणून, नाहीतर अकरावी-बारावीला ‘स्कोअरिंग’ विषय म्हणून. त्यामुळे चौकशीला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मार्क किती पडतील?" प्रश्न रास्तच आहे. पण नुसत्या मार्कांसाठी आलेलं मूल बोर्डाचा पेपर झाला की वही रद्दीत टाकतं, आणि मला ते बघवत नाही. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, या भाषेने मला खूप आनंद दिलाय. म्हणून कोथरूडला घरच्या हॉलमध्ये क्लास काढला, तेव्हाच ठरवलं की मूल पहिल्याच तासाला बोललं पाहिजे.

तेव्हापासून आमचा पहिला तास म्हणजे बाजार. सतरंजीवर टोमॅटो, पाव, पेनं मांडायची, कागदाच्या युरोच्या नोटा वाटायच्या. ‘ज वुद्रे’ (मला हवंय) म्हणून मागायचं, किंमत विचारायची, पैसे मोजून द्यायचे. डेल्फच्या ए-1 या सुरुवातीच्या पातळीच्या तोंडी परीक्षेत हाच प्रसंग येतो, म्हणजे पालकांचंही समाधान होतं. डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची परीक्षा, शाळकरी मुलांसाठी तिची ज्युनिअर आवृत्ती आहे. पास व्हायला 100 पैकी 50 लागतात, पण ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत 25 पैकी किमान 5 हवेतच. नुसत्या घोकंपट्टीवर तिथे निभाव लागत नाही.

मराठी मुलांना या भाषेत काही गोष्टी आयत्याच मिळतात. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं किंवा मोठ्यांना ‘तू’ म्हणायचं नसतं, हे त्यांना पटवून द्यावं लागत नाही. हे लक्षात आलं की घाबरलेलं मूलही सावरून बसतं.

2020 मध्ये वर्ग ऑनलाइन गेले आणि सांगली-जळगावची मुलं येऊ लागली. त्याच काळात एका ओळखीतून मॉरिशसच्या काही मराठी कुटुंबांशी गाठ पडली. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे हे वंशज. घरात क्रिओल ही फ्रेंचमधून आलेली तिथली बोली, बाहेर फ्रेंच, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी! व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची मुलं आधी लाजली. मग आमच्या सातवीतल्या एका मुलीने अडखळत विचारलं, तुमच्याकडे मोदक करतात का? तिकडचा मुलगा धडाधड बोलत सुटला. तिला निम्मंच कळलं. कॉल संपल्यावर तिने मला भूतकाळ शिकवायला लावला, कारण त्याच्या आजीबद्दल विचारायचं होतं. तो धडा पुस्तकात फार पुढे होता. मी तो त्याच संध्याकाळी घेतला.

व्यवसाय म्हणून हे सगळं महागात पडतं. एका बॅचला बाराच मुलं घेतो, त्यामुळे जागेचं भाडं आणि शिक्षिकांचे पगार भागवताना ओढाताण होते. एका शाळेने साठ-साठ मुलांचे वर्ग देऊ केले होते. पैसा बरा होता, पण साठांच्या गर्दीत प्रत्येकाला बोलतं करता आलं नसतं. नम्रपणे नाही म्हटलं.

यंदा दोन्हीकडची मुलं मिळून मोदकाची कृती फ्रेंचमध्ये लिहितायत. सारणात काय काय घालायचं, यावरून आताच वाद सुरू झालाय. मी मध्ये पडत नाही, फक्त क्रियापदं तपासते.