एका पंखामागं नेचिसारला

अर्बा मिंच गावाच्या वरच्या वस्तीतून, शेचातून, सकाळी खाली पाहिलं की दोन तळी एकदम डोळ्यांत भरतात. डावीकडं गाळानं विटकरी झालेलं अबाया, उजवीकडं निळंशार चामो. मधल्या डोंगरपट्टीला इथं 'देवाचा पूल' म्हणतात. तिच्या पलीकडं नेचिसारचं माळरान. नेच सार म्हणजे अम्हारिक भाषेत पांढरं गवत. दक्षिण इथिओपियात मी आलो तो त्या माळावर सापडलेल्या एका पंखासाठी.

१९९० साली केंब्रिजच्या संशोधकांची एक तुकडी इथं प्राण्यापक्ष्यांच्या नोंदी घेत होती. रस्त्यावर त्यांना एक मेलेला रातवा, म्हणजे रात्री वावरणारा पक्षी, दिसला. चिरडलेला, कुजत आलेला. जपण्यासारखा उरला होता फक्त एक पंख. तो इंग्लंडला नेऊन संग्रहालयातल्या रातव्यांशी ताडून पाहिला, पण त्यावरचा मोठा पांढरा पट्टा कुणाशीच जुळेना. १९९५ मध्ये त्या पंखावरूनच नवी जात जाहीर झाली: कॅप्रिमुल्गस सोलाला. लॅटिनमध्ये 'सोलुस' म्हणजे एकमेव आणि 'आला' म्हणजे पंख. पुढं २००९ मध्ये काही अनुभवी पक्षीनिरीक्षकांनी हा पक्षी जिवंत पाहिल्याचं सांगितलं.

पंखावरून जात ठरवावी का? याच भागातलं दुसरं उदाहरण मला सतत आठवतं. सोमालियात बुलो बुर्ती इथं १९८८ मध्ये खाटीक पक्ष्यांच्या गटातला एक अनोळखी पक्षी दिसला. संशोधकांनी तो मारला नाही. रक्त आणि पिसं घेऊन १९९० मध्ये सोडून दिला आणि १९९१ मध्ये नवी जात म्हणून त्याचं वर्णन केलं. नाव दिलं लिबेराटस, म्हणजे मुक्त केलेला. २००८ मध्ये डीएनएनं दाखवलं की तो आधीच माहीत असलेल्या जातीचाच, वेगळ्या रंगाचा पक्षी होता. तरीही त्याला सोडण्याचा निर्णय मला आजही योग्यच वाटतो.

माळावर पोचेपर्यंत काळ्या दगडांनी हाडं खिळखिळी झाली. अंधार पडला तसा चालकानं वेग अगदी कमी केला. तेवढ्यात दिव्यांच्या झोतात रस्त्यावर दोन लाल निखारे चमकले. रातवा! सोबतच्या वनरक्षकानं हातानंच थांबायची खूण केली. मी पोटावर सरकत पाचेक हातांवर गेलो. पाचोळ्याच्या रंगाची पाठ, चोचीभोवती राठ मिशा, धपापणारी छाती. शेपटीची मधली पिसं बाकीच्यांहून लांब. इथला नेहमीचाच रातवा होता तो. तरी मी श्वास रोखून त्याच्या मिटलेल्या पंखाकडंच पाहत राहिलो.

उडाला तेव्हा पांढरा ठिपका लखकन चमकून गेला.

परतीच्या वाटेवर आणखी चार रातवे रस्त्यात बसलेले भेटले. प्रत्येक वेळी वनरक्षक खाली उतरला, बॅटरी घेऊन पुढं चालत गेला, पक्षी उडून गवतात गेल्यावरच त्यानं गाडीला हात केला.